आरोपीचे ‘नाही’

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची चर्चा बहुधा लीला बेणारेच्या अखेरच्या स्वगताभोवती फिरते. १९६७ साली ‘रंगायन’च्या प्रयोगात सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका केल्यापासून ते साहजिकच झाले आहे. परंतु नाटकातील पेच त्याच्या कितीतरी आधी, आरोप वाचला जातो तेव्हाच पडतो. आणि तो भाषेचा पेच आहे.

बेणारेला विचारले जाते ते एवढेच, की गुन्हा कबूल आहे की नाही. प्रश्न कायद्यातला वाटतो. पण तो कायद्यातला नव्हे. त्या काळी अमलात असलेल्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोपीपुढे निराळे पर्याय होते : तो दोषी आहे, की न्यायचौकशीची मागणी करतो? १९७३ च्या संहितेने आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही हीच रचना राखली. म्हणजे आरोपीचे ‘नाही’ हे विधान नसून मागणी आहे. विधान खोटे पाडता येते. मागणी खोटी पाडता येत नाही, ती पुरवावी लागते, आणि तो भार फिर्यादी पक्षावर पडतो. दंडविधानाखालील निकाली खटल्यांत २०२२ साली दोषसिद्धीचे प्रमाण ५४.२ टक्के होते, आणि त्यात गुन्हा कबूल केलेलेही आले. तेव्हा हे ‘नाही’ केवळ उपचाराचे नव्हे.

काशीकरांच्या कोर्टात मात्र ते विधानच मानले जाते. बेणारे थट्टेत नकार देते, आणि प्रत्येक साक्ष तो नकार खोटा पाडण्यासाठी येते. न्यायाधीश स्वतःच साक्ष देतात! पुढे ती गप्प राहते. संहितेनुसार उत्तर न देणाऱ्याविरुद्धही पुरावाच लागतो. येथे मौनाने काम अधिक सोपे होते.

आरोपाची मांडणीही तपासण्याजोगी आहे. भ्रूणहत्या आणि कलम ३०२ यांचा मेळ बसत नाही, कारण दंडविधानाच्या कलम २९९ चे तिसरे स्पष्टीकरण उदरातील बालकाच्या मृत्यूला मनुष्यवध मानत नाही. वकिली न चाललेल्या सुखात्म्यांना ही चूक शोभते, असे म्हणता येईल.

तेंडुलकरांच्या रचनेतील खरी अडचण स्वगतात आहे. ते कोर्टाला ऐकू जात नाही, प्रेक्षकाला जाते. प्रेक्षक बेणारेला सोडतो तो तिची कहाणी ऐकून. आरोपीने उत्तर दिलेच पाहिजे, हे काशीकरांचे गृहीत नाटकानेही नकळत स्वीकारले आहे. वास्तविक जे मूल जन्मलेलेच नाही त्याच्या खुनाचा आरोप पहिल्याच दिवशी कोसळला असता, आणि त्यासाठी बेणारेला आपल्या आयुष्याविषयी एक शब्दही बोलावा लागला नसता.