थरयुक्त जमिनीतील पाइलची भारवहनक्षमता : प्रचलित मांडणीची चिकित्सा (विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्यातील देवळी वा हिंगणघाट परिसरातील जुन्या विहिरीत डोकावल्यास काळी कापसाची माती, मुरूम, झिजलेला खडक आणि अखेर काळा पाषाण असे थर क्रमाने दिसतात. अशा जमिनीत पाइल उभा भार कसा वाहतो, याची अभियांत्रिकी पाठ्यपुस्तकांतील मांडणी कितपत पुरेशी आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
पाइल दोन मार्गांनी भार वाहतो : बाजूच्या घर्षणाने व बुडाच्या आधाराने. प्रत्येक थराचे कमाल घर्षण आणि बुडाचा कमाल आधार यांची बेरीज करून तिला २.५ या सुरक्षा गुणकाने भागावे, ही सर्वपरिचित रीत होय. मात्र हे दोन्ही कमाल आधार एकाच वेळी लाभतात, हे तिचे गृहीतक तपासण्याजोगे आहे. घर्षण काही मिलिमीटर खचण्यातच पूर्णत्वास जाते. माती वा मुरुमावर टेकलेल्या बुडाला मात्र व्यासाच्या सुमारे १० टक्के खचावे लागते. ६०० मि.मी. व्यासाच्या पाइलसाठी हे अंतर ६० मि.मी. होते. याउलट, आय.एस. २९११ (भाग ४) मधील भारचाचणीत अशा पाइलचा सुरक्षित भार ठरविताना १२ मि.मी. खचण्याच्या वेळच्या भाराचा दोन-तृतीयांश हा एक निकष आहे. म्हणजे सूत्र व चाचणी यांची भाषाच भिन्न आहे. छिद्राच्या तळाशी गाळ राहिल्यास बुडाचा आधार आणखी लांबणीवर पडतो.

दुसरा आक्षेप काळ्या मातीविषयी आहे. उन्हाळ्यात ती आकसून पाइलपासून सुटते. पावसाळ्यात फुगून त्यालाच वर उचलते. अशा थराचे घर्षण बेरजेत धरणे म्हणजे कर्जाची रक्कम जमेच्या बाजूस लिहिणे होय. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला कंदयुक्त अंडर-रीम्ड पाइल याच जाणिवेतून पुढे आला. आय.एस. २९११ (भाग ३) नुसार फुगणाऱ्या मातीच्या खोल थरात त्याची लांबी किमान ३.५ मीटर असावी लागते. कंद स्थिर थरात असल्यास तो भार पेलतो व उचलही रोखतो.

तिसरा मुद्दा बेसाल्टचा. 'खडक लागला' म्हणून छिद्रण थांबविणे धोक्याचे ठरू शकते. दख्खनच्या पाषाणात कठीण लाव्हाथरांच्या मध्ये तांबड्या मातकट थरांचे पट्टे आढळतात. बुडाखाली असा पट्टा असेल तर कठीण खडकाचा पातळ पापुद्रा फसवा ठरतो. म्हणून तपासणीचे छिद्र पाइलच्या बुडाखालीही न्यावे लागते.

निष्कर्ष :
सुरक्षा गुणकामुळे बहुसंख्य इमारती उभ्या राहतात, हे मान्यच आहे. परंतु भार नेमका कोणत्या थराने, किती खचण्यानंतर उचलला, हा प्रश्न तोच गुणक झाकून टाकतो. अध्यापनात थरनिहाय बेरजेसोबत भार-खचणे आलेख शिकवावा, काळ्या मातीचे घर्षण वगळून तिच्या उचलीचा विचार करावा आणि विद्यार्थ्यांना प्रथम जवळच्या विहिरीचे थर वाचावयास लावावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.