शंभरात पाच चुका, पण कोणत्या?

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाची सुनावणी चालू असताना वकिलांचे बोलणे संगणक ऐकून लागलीच पडद्यावर उमटवत होता. खटले वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या आपल्या देशात ही सोय लहान नव्हे. आमची तक्रार आहे ती मोजपट्टीबद्दल.

अशा यंत्रणेची पारख करताना बदललेले, गाळलेले आणि जादा घुसलेले शब्द मोजून त्या बेरजेला मूळ शब्दसंख्येने भागतात. म्हणजे 'आणि' गळला तरी एक चूक, 'नाही' गळला तरी एकच! शंभरात पाच चुका म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर १५. साक्षीदार घाईत 'म्या मारलं न्हाई' म्हणाला आणि शेवटचा शब्द पंख्याच्या घरघरीत बुडाला, तर?

शिवाय यंत्र नुसत्या आवाजावर विसंबत नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हेही पाहते. त्यामुळे त्याची चूकसुद्धा शुद्ध, सुसंगत दिसते. टंकलेखकाची चूक निदान डोळ्यांना खुपते. साक्षीत तर अनपेक्षित शब्दच कित्येकदा मोलाचा असतो.

चुका सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत, हे आणखी एक. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच कंपन्यांच्या यंत्रणांनी शंभर शब्दांमागे गोऱ्यांच्या बोलण्यात सरासरी १९, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ चुका केल्या. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्याचे काय होईल, हे तपासून होईपर्यंत तरी मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवावे, आणि जबाब साक्षीदाराला वाचून दाखवण्याची जुनी रीत मुळीच सोडू नये.