'अक्करमाशी'तील न दिसणारा वाडा

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनाची चर्चा बहुधा निवेदकाच्या अस्मितेभोवती आणि त्याच्या आईच्या शोषणाभोवती फिरत राहिली. या दोहोंना कारणीभूत असलेला पुरुष मात्र समीक्षेतून निसटला. एका घरी लग्नाची बायको, दुसरीकडे महार स्त्रीपासून झालेले आणि नाकारलेले मूल, ही पाटलाची दुहेरी संसाररचना या संहितेच्या मुळाशी आहे.

बारा माशांचा तोळा. अकरा माशांचा तो अक्करमाशी, म्हणजे एका माशाने हिणकस. लेकावळा, कडू, अनौरस हे शब्दही अपत्यालाच चिकटतात, आणि 'ठेवलेली' हा त्याच्या आईला. पुरुषासाठी 'रंगेल', 'बाहेरख्याली' आहेत. पण ते त्याच्या स्वभावाविषयी बोलतात (क्वचित कौतुकानेही), पितृत्वाविषयी नव्हे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्याविवाह रद्दबातल ठरवला. निवेदकाचा जन्म १९५६चा. परंतु पाटलाला दुसरे लग्न करायचेच नव्हते. जातीमुळे लग्नाचा प्रश्न उद्भवत नाही, आणि लग्न नसल्यामुळे कायद्याचा हात तिथवर पोहोचत नाही.

वाड्याचे अंतरंग कथनात जवळजवळ येत नाही. ही निवेदनाची उणीव मानणे चुकीचे ठरेल. निवेदकाला जिथे प्रवेश नाही, तिथे कथनालाही नाही. याउलट आईच्या घरातली वेगवेगळ्या बापांची भावंडे, त्यांची भूक आणि त्यांची आडनावे वाचकासमोर उघडी पडतात. म्हणजे एकच वस्तुस्थिती स्त्रीच्या बाबतीत चव्हाट्यावर येते आणि पुरुषाच्या बाबतीत भिंतीआड राहते.

या विषमतेचे पुरेसे भान संहितेलाही सर्वत्र राहत नाही. निवेदकाचा संताप अनेकदा हाताशी असलेल्या आईवरच कोसळतो. आपल्या रक्ताचे सवर्ण-अस्पृश्य असे वाटे मोजताना तो ज्या तराजूने त्याला हिणकस ठरवले, तोच तराजू हाती घेतो. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. तेथेही पिता जबाबदारी टाकून गेलेलाच आहे. पण बापाच्या नावाची जागा लेखकाने आईला दिली आहे. लिंबाळे यांनी मात्र ज्याने नाकारले त्याचेच आडनाव मुखपृष्ठावर आणले. त्यामुळे पुस्तकाची प्रत्येक प्रत त्या पाटलाच्या पितृत्वाची जाहीर नोंद ठरते, आणि जी नोंद त्याला टाळायची होती ती त्याच्याच नावाने होते.