विसरलेल्या नाटकाचं नाटक

आज ज्या संगीतिकेबद्दल बोलायचंय, ती ब्रॉडवेवर जेमतेम १०० प्रयोग चालली. नाव ‘शफल अलाँग’, साल २०१६.

मूळ नाटक १९२१चं. गीत-संगीत नोबल सिसल आणि यूबी ब्लेक यांचं, संहिता मिलर आणि लाइल्स या जोडीची. लिहिणारे, गाणारे, नाचणारे सगळे कृष्णवर्णीय. रॅगटाइम आणि नुकता रांगू लागलेला जॅझ घेऊन ही मंडळी आली आणि ५०४ प्रयोग करून गेली. हार्लेमच्या सांस्कृतिक जागृतीची सुरुवात लँगस्टन ह्यूज या कवीनं इथूनच मोजली.

आता अडचण बघा. मिलर आणि लाइल्स स्वतः काळे, तरी तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून विनोद करत. काळ्यांची टर उडवायला गोऱ्यांनी काढलेली रीत काळ्या नटांनीच पाळायची, तेव्हा कुठे दार उघडणार! असं नाटक आज जसंच्या तसं करावं का? १९५२ मध्ये ते बदलून पुन्हा आणलं, तर चार प्रयोगांत आटोपलं.

म्हणून दिग्दर्शक जॉर्ज वुल्फ यांनी २०१६ मध्ये त्या नाटकाऐवजी ते उभं राहिल्याची गोष्ट मंचावर आणली. मला ही वाट योग्य वाटते. अपमान झाकायचा नाही आणि कर्तृत्वही पुसायचं नाही, तर दोन्ही एकत्रच दाखवावं लागतं. पहिल्या अंकात ते साधतं, कारण तिथे सेव्हियन ग्लोव्हर यांनी बसवलेली पावलंच इतिहास बोलतात. दुसऱ्या अंकात मात्र पात्रं पुढे कोणाचं काय झालं ते सांगत सुटतात. हा मास्तरकीचा दोष. मी जन्मभर वर्गात तेच केलं, म्हणून लगेच ओळखू येतो.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. ‘आम्हाला का विसरलात?’ असं हे नाटक प्रेक्षकांना विचारतं, जणू विस्मरण हा फक्त मनाचा दोष आहे. त्याचं खरं उत्तर मंचाबाहेर मिळालं. टोनीची १० नामांकनं, पारितोषिक एकही नाही. त्या वर्षी ‘हॅमिल्टन’ची लाट होती. मुख्य अभिनेत्री ऑड्रा मॅक्डोनल्ड बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या आणि निर्मात्यांनी जुलैमध्ये पडदाच पाडला.

म्हणजे काय, तर स्मृतीला नुसती कृतज्ञता पुरत नाही. तिला थिएटरचं भाडं लागतं, रोज विकली जाणारी तिकिटं लागतात. ते थांबलं की विस्मरण आपोआप सुरू होतं. त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही.