आपल्या शनिवारचं लेझीम

मुलं नववीत गेली की आपल्या मंडळाच्या लेझीम पथकातून गळायला लागतात. ‘आता अभ्यास, एसएटी,’ असं आईवडीलच सांगतात. त्यांची काळजी मला कळते, पण हा हिशेब चुकतो आहे.

आपल्याच इलिनॉय विद्यापीठातलं एक संशोधन २०१४ साली ‘पीडियाट्रिक्स’मध्ये छापून आलं. ७ ते ९ वर्षांची दोनशेवर मुलं होती. त्यांतली निम्मी नऊ महिने शाळा सुटल्यावर पळत-खेळत होती. मन आवरून लक्ष टिकवणं, एका कामावरून दुसऱ्याकडे वळणं, यांत ती पुढे गेली. तो तर नुसता व्यायाम. लेझीममध्ये त्यावर मोजणी येते, क्रम लक्षात ठेवणं येतं, शेजारच्याच्या पावलाशी पाऊल जुळवणं येतं. हात एक करतात, पाय दुसरं, आणि डोक्यात अंक चालूच. हा अभ्यासच आहे.

लेझीम शिकवणाऱ्या ताईंनी बर्फातही शनिवार चुकवलेला नाही. भारतातून येताना त्यांच्या बॅगेत कपड्यांपेक्षा लेझीमच जास्त. शाळेच्या हॉलमध्ये जाळ चालत नाही, म्हणून हलगी वाजवणारे काका ती हेअर ड्रायरनं तापवतात. अशी माणसं दुसऱ्या कुठल्या मंडळाला मिळाली असतील असं मला वाटत नाही.

तरी खटकतं ते सांगते. लेझीमचा ‘पवित्रा’ हा प्रकार आता ‘स्टेप फोर’ झाला आहे. वेळ कमी म्हणून ‘आगे फलांग’ गाळतो आणि शेवटी सिनेमाचं गाणं लावतो. टाळ्या मिळतात, पण मुलांच्या तोंडून ती नावं जातात.

गेल्या गणेशोत्सवात ‘दो रुख’ चालू असताना दुसऱ्या रांगेतल्या एका चिमुरडीच्या लेझमीची साखळी सुटली. ती थांबली नाही, तिनं कुणाकडे बघितलंही नाही. नुसता दांडा हातात धरून, आवाजाशिवाय, प्रत्येक अंकावर ती बरोबर वाकत, वळत राहिली. सगळ्या हॉलचा छणछणाट एकीकडे आणि तिचे ते मुके हात एकीकडे. माझे डोळे भरून आले. ताल तिच्या आत उतरला होता.

दर शनिवारी चार वाजता सराव असतो. नववी-दहावीच्या मुलांना आवर्जून पाठवा. सोडायला आलात तर तुम्हीही थांबा. हलगीवर काकांच्या जोडीला माणूस हवा आहे.