एका थेंबाचं रसग्रहण

सनीव्हेलच्या एका आशियाई दुकानात मासळीच्या काउंटरला लागून काचेची टाकी आहे. तळाशी शेवंडं एकमेकांवर चढून बसलेली, नांग्यांना रबरबँड. आपल्या कोकणातल्या शेवंडाला असल्या नांग्याच नसतात, ही अटलांटिककडची. त्यांच्या मिशा हलल्या की मला हटकून एक शोधनिबंध आठवतो.

बेलफास्टच्या एल्वूड आणि अ‍ॅडम्स यांचा, 2015 मधला. विषय शेवंडाच्या चुलतभावाचा, किनाऱ्यावरच्या खेकड्याचा. काहींना विजेचे छोटे झटके दिले, काहींना नाही, आणि अंगातल्या द्रवात लॅक्टेट, म्हणजे शरीरावरच्या ताणाची एक खूण, किती चढलं ते मोजलं. झटकेवाल्यांत जास्त. एखादा उतावळा इथेच वेदनेचा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता.

पण शंकेखोर विचारणारच: झटका बसलेला खेकडा धडपडतोही जास्त, मग लॅक्टेट त्या धडपडीचं कशावरून नाही? सिंहगड चढल्यावर आपल्याही रक्तात ते चढतंच की! लेखकांनी ही शंका आधीच ओळखली होती. दोन्ही गटांतले सारखीच हालचाल केलेले खेकडे त्यांनी समोरासमोर ठेवले. तरीही झटकेवाल्यांचं लॅक्टेट जास्तच भरलं. मी दाद देतो ती या जागेला. प्रतिपक्षाचा मुद्दा आपणच मांडायचा आणि त्याच्याच तराजूत आपला माल तोलून दाखवायचा!

निबंधाच्या शीर्षकातला संयमही बघण्यासारखा. खेकड्याला वेदना होतात, असं ते म्हणत नाही. वेदना असेल तर जे दिसावं त्याच्याशी हे जुळतं, एवढंच म्हणतं.

अर्थात लॅक्टेट हे माप तसं ढोबळच. शेवंड नुसतं पाण्याबाहेर काढलं तरी ते चढतं. म्हणजे मोजणाऱ्याचा हातही मापात शिरतो. म्हणून कुणी डोळ्याच्या देठातून सुटणारं, साखर वाढवणारं संप्रेरक मोजतं, कुणी हृदयाचे ठोके. व्यापाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. नाशिकचा बागायतदार द्राक्षाची गोडी बघतो तसल्याच रिफ्रॅक्टोमीटरवर पायाच्या सांध्यातला थेंब ठेवायचा, प्रथिनं बघायची आणि शेवंड भरलेलं आहे की पोकळ ते ठरवायचं. आपण चिंबोरी हातात तोलून जे ओळखतो, तेच. तो थेंब जवळजवळ बिनरंगी असतो आणि हवा लागली की निळसर होतो, त्यातल्या तांब्यामुळे.

"झालं का तुझं रसग्रहण?" बायको मागून विचारते. "पापलेटं संपतील."

मी ट्रॉली वळवतो.