'मेनफ्रेम' : दोघांचा बँड आणि एक कार्ड

आज ज्या जोडीबद्दल बोलायचं आहे तिचं नाव 'मेनफ्रेम'. जॉन मॉलॉय आणि मरे मनरो, ब्रिटनमधले दोघं. ऐंशीच्या दशकातलं इलेक्ट्रोपॉप आवडीनं ऐकणाऱ्यांनाही हे नाव चटकन आठवत नाही, आणि त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हे दोघं जेव्हा आठवले जातात, तेव्हा गाण्यांपेक्षा जास्त एका यंत्रासाठी आठवले जातात. हा त्यांच्यावरचा अन्याय समजायचा की खरा न्याय?

आधी त्या वेळची परिस्थिती बघू. 1979 साली सिडनीच्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी फेअरलाइट सीएमआय बाजारात आणलं. काच फुटल्याचा असो की कुत्रा भुंकल्याचा, कुठलाही आवाज आकड्यांच्या रूपात साठवायचा आणि कीबोर्डवर हव्या त्या सुरात वाजवायचा. यालाच सॅम्पलिंग म्हणतात. पीटर गॅब्रिएल, केट बुश अशा कलाकारांनी ते वापरलं आणि गाजवलं. पण किंमत सांगताना लोक थेट घराच्या किमतीशी तुलना करायचे! म्हणजे जगातला प्रत्येक आवाज आता संगीत होऊ शकत होता, फक्त तो पकडायची ऐपत मोजक्या लोकांकडे होती.

आता दुसरीकडे अ‍ॅपल टू बघा. 1977 चा हा घरगुती संगणक. त्याचं झाकण हातानं उघडायचं आणि आत आठ खाचा होत्या, ज्यांत कुणीही स्वतः बनवलेलं कार्ड बसवू शकत होतं. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मेनफ्रेम आणि त्यांचे सहकारी यांच्या खटपटीतून 'ग्रीनगेट डीएस:3' नावाचा सॅम्पलर तयार झाला : अ‍ॅपलमध्ये खोचायचं कार्ड, सोबत फ्लॉपीवरची आज्ञावली, आणि एका वेळी चार आवाज.

यात अडचण काय होती, ते गणितानं समजेल. आवाज आठ बिटांत नोंदवायचा म्हणजे त्याच्या चढउताराला फक्त 256 पायऱ्या मिळतात. सेकंदाला तीस हजार नोंदी घेतल्या, तर एका सेकंदाला तीस हजार बाइट लागतात. अ‍ॅपल टू-ईची मूळ स्मृती 64 किलोबाइट, आणि तीही सगळी आवाजाला मिळत नाही. म्हणजे हातात उरतात जेमतेम एकदोन सेकंद. शिवाय तोच आवाज एक सप्तक वर वाजवला की त्याची लांबी निम्मी होते. त्यामुळे या यंत्रावर लांब मींड, रेंगाळणारा स्वर वगैरे विसरा. इथे शोभतं ते तुटक, ठोकल्यासारखं, पुन्हापुन्हा येणारं. त्या काळातल्या संगीतातला तो अडखळणारा उच्चार आपण शैली म्हणून ऐकतो. पण त्या शैलीमागे स्मृतीची टंचाईही आहे, हे विसरता कामा नये.

आता टीकेचा मुद्दा. मेनफ्रेमच्या एका रचनेचं नाव आहे 'इनटू ट्रबल विथ द नॉइज ऑफ आर्ट'. हा टोमणा कुणाला, हे उघड आहे. 1983 मध्ये 'आर्ट ऑफ नॉइज'ची 'इनटू बॅटल विथ द आर्ट ऑफ नॉइज' आली होती. त्या गटाचं सगळं बळ फेअरलाइटमध्ये, आणि नाव घेतलेलं लुइजी रुसोलोच्या 1913 च्या जाहीरनाम्यावरून. मेनफ्रेमनं ते नाव उलटं केलं : तुम्ही लढाईवर निघालात, आम्ही आपले भानगडीत सापडलोय! विनोद चांगलाच आहे. पण मला इथे एक कमजोरी दिसते. विडंबनाला मूळ कृतीचा आधार लागतो. ज्याला आर्ट ऑफ नॉइज माहीत नाही, त्याच्यासाठी हा टोमणा हवेत जातो. श्रीमंताच्या अंगणाकडे बघत गायलेलं गाणं शेवटी त्याच अंगणाचं वर्णन करत बसतं.

कार्डाचं मात्र तसं नाही. त्याला कुणाला टोमणा मारायचा नव्हता. 'हे तुमच्या घरातही होऊ शकतं' एवढंच ते म्हणत होतं, आणि ते खरं करून दाखवत होतं. बँडच्या नावातला विनोदसुद्धा तिथेच पुरा होतो : मेनफ्रेम म्हणजे खोलीभर पसरलेला, संस्थेच्या मालकीचा संगणक, आणि हे दोघं काम करत होते टेबलावरच्या यंत्रावर.

अर्थात हा काळ फार टिकला नाही. 1985 च्या सुमारास एन्सॉनिक मिराजसारखे दोन हजार डॉलरच्या आतले सॅम्पलर आले, ज्यांना वेगळा संगणक लागतच नव्हता. झाकण उघडून कार्ड खोचायची गरज संपली.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. कार्डासाठी आठवलं जाणं हा अन्याय नाही, पण 'गाणी बेताची, यंत्र हुशार' अशी सरळ वाटणीही मला मान्य नाही. आपल्याला हवा तो आवाज हवा असणारे कानच नसते, तर ते कार्ड बनलंच नसतं. ते कान वाद्य विकणाऱ्याचे नव्हते, गाणं करणाऱ्यांचे होते. पुढच्या वेळी घरी बसून कुणी सॅम्पल वाजवताना दिसलं, तर ही दोन नावं त्याला जरूर सांगा.